गाठीचा रक्तपुरवठा आणि मक्तेदारीचा खंड

कर्करोगाची गाठ वाढते ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करून. त्या रोखल्या तर तिची वाढ खुंटेल, असा सिद्धांत अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. त्यातून औषधे निघाली. रक्तवाहिन्या रोखणारे प्रथिन शरीरानेच तयार करावे म्हणून जनुक शरीरात सोडण्याचे प्रयोगही झाले. हिमायतनगरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला यातले काय लाभणार, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राचा आहे.

याच तत्त्वावरचे सोराफेनिब हे यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषध. बायर कंपनी ते महिन्याला २,८०,४२८ रुपयांस विकत असे. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ८४ खाली हैदराबादच्या नॅट्को कंपनीस सक्तीचा परवाना दिला. किंमत ठरली ८,८०० रुपये आणि बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क. देशातला असा हा पहिलाच परवाना. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. संशोधनाला खर्च येतो हे मान्यच आहे. परंतु सुमारे बत्तीसपट तफावतीला आमच्या विषयात मक्तेदारीचा खंड म्हणतात, आणि कूळकायद्यासाठी झगडलेल्या मराठवाड्याला खंड म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

गोळीची नक्कल करता येते. जनुकोपचाराचे तसे नाही. ४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालेल्या 'नेक्सकार१९' या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत दिल्या जातात. येथे केवळ परवाना पुरत नाही. कौशल्य व प्रयोगशाळा ज्याच्या हाती, किंमतही त्याच्याच हाती. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय या सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तो घडविला, हे अभिमानास्पदच. खर्च अमेरिकेच्या सुमारे एक-दशांश, तरी ३० लाखांच्या घरात. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. सार्वजनिक संस्थेतील शोध खाजगी कंपनीकडे सोपविताना किमतीची कमाल मर्यादा आणि शासकीय रुग्णालयांना उत्पादनखर्चात पुरवठा या दोन अटी करारातच लिहिल्या जाव्यात. रक्तवाहिन्या रोखणारे जनुकोपचार उद्या येथे सिद्ध होतील, तेव्हाचे करारही याच संस्था करणार आहेत. त्यांचे मसुदे सही होण्यापूर्वी विधिमंडळापुढे ठेवण्याचा आग्रह आपल्या आमदारांनी आतापासूनच धरला पाहिजे.