पहिल्या पानापासून नको

जानेवारीत एका वाचकांनी कळवलं होतं, 'यंदा बायबल वाचायला घेतलंय, रोज तीन अध्याय.' मार्चमध्ये विचारलं तर म्हणाले, 'लेवीयात अडकलोय.' मला हसू आलं, कारण कॉलेजात असताना मीही तिथेच रुतले होते. नोहाचं तारू, योसेफाचे भाऊ, मिसरमधून सुटका, इथवर गोष्ट कशी पळत असते. मग निर्गम या पुस्तकाच्या उत्तरार्धात एकाएकी पवित्र तंबूच्या पडद्यांची मापं सुरू होतात: २८ हात लांब, ४ हात रुंद. ती संपतात न संपतात तोच पुढच्या पुस्तकात, लेवीयात, यज्ञाचे प्रकार आणि घराच्या भिंतीला बुरशी लागली तर याजकाने काय करावं, याचे नियम.

पोथी पहिल्या ओवीपासून लावायची आपल्याला सवय. पण 'बायबल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, तो अनेकवचनी आहे: पुस्तकं. प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ६६, कॅथलिकांच्या ७३. कायदे, वंशावळी, राजांच्या बखरी, प्रेमगीतं, पत्रं असं सगळं भरलेलं कपाट आहे हे. वर्षभराच्या वेळापत्रकांवर तर माझा रागच आहे. चार दिवस चुकले की थकबाकी साचते, आणि माणूस पुस्तकाला सावकारासारखा टाळू लागतो.

नव्याने वाचणाऱ्याने येशूची गोष्ट सांगणारं मार्कचं शुभवर्तमान उघडावं. चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, अवघे १६ अध्याय. एका दुपारी होतं. मार्कला दम नाही. 'लगेच' या अर्थाचा ग्रीक शब्द तो चाळीसेक वेळा वापरतो. पण मधेच असा एखादा तपशील टिपतो की थबकावं. वादळात हेलकावणाऱ्या होडीत येशू झोपलाय, ते उशीवर. ही उशी फक्त मार्कला दिसली.

पाचवा अध्याय सावकाश वाचा. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो. त्याची लेक मरणाच्या दारात आहे. वाटेत गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने खंगलेली एक बाई मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते. तो थांबतो, कोणी शिवलं म्हणून विचारतो. याईराच्या जिवाचं काय झालं असेल, ते मार्क सांगत नाही. मुलगी गेल्याचा निरोप येतो. तरी येशू घरी जातो, तिचा हात धरून तिला उठवतो. तिचं वयही बाराच. तिला उठवताना उच्चारलेले अरामी शब्द मार्कने ग्रीक मजकुरात तसेच ठेवलेत. सगळे थक्क, आणि येशू सांगतो काय, तर पोरीला काहीतरी खायला द्या. हे वाक्य मला त्या चमत्काराहून जास्त आवडतं.

कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते मत्तयच्या पाच ते सात अध्यायांतल्या डोंगरावरच्या प्रवचनाने. पुढे १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रत्येकाचं तसं व्हावं असं नाही. श्रद्धेने वाचा, कुतूहलाने वाचा, पण दार नीट निवडा.

भाषांतरही निवडूनच घ्यावं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीकमधून भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. आज सुरुवात करणाऱ्याला मी वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' सुचवते. जुन्या वळणाच्या 'पवित्र शास्त्रा'ची गोडी नंतर लागते, आणि ती मोठ्याने वाचल्यावर. वचनांच्या आकड्यांनी बिचकू नका. ते सोळाव्या शतकात पडले. मूळ लेखकांना त्यांचा पत्ताही नव्हता.

जुन्या कराराची चव हवी असेल तर चार अध्यायांचं रूथ घ्या: विधवा सून आणि विधवा सासू. स्तोत्रं मात्र रोज एकच, निजताना.

आणि मार्कच्या शेवटाशी जरा थांबा. चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच संपतो: कबरीपाशी गेलेल्या बायका भेदरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचनं मागाहून जोडलेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या खेपेला आठव्या वचनाशीच पुस्तक मिटा. बायका गप्प राहिल्या, तर मग ही गोष्ट बाहेर फुटली कशी? तो प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशी लूकचं शुभवर्तमान उघडा.

— वाचक्नवी