प्रसूतिगृहाच्या कागदावर खुब्याची नोंद हवी

मा. संपादक यांस,


माझी नात सव्वा वर्षाची होऊन चालू लागली तेव्हा ती एका अंगाला झुकून पाऊल टाकते हे घरात सर्वांच्या दृष्टीस पडले होते; परंतु पहिल्या पावलांचे कौतुक आणि ‘सुधारेल हळूहळू’ हे आप्तेष्टांचे आश्वासन यांच्या भरात आणखी तीन महिने निघून गेले, व अखेर परळच्या रुग्णालयात क्ष-किरण चित्र निघाले तेव्हा कळले की तिच्या डाव्या मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या उखळीत कधी नीट बसलाच नव्हता. माथा आत नसला की उखळी खोल होत नाही, आणि उखळी उथळ राहिली की माथा आत टिकत नाही.

गर्भात पायाळू, त्यातही मुलगी, त्यातही पहिले अपत्य: या विकाराचा संभव वाढविणाऱ्या तिन्ही गोष्टी आमच्या बाळाच्या ठायी होत्या. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आमच्या आळीत अजून सांगितली जाते. पायाळू बाळाचा खुबा पुन्हापुन्हा तपासावा, हे मात्र आम्हांला कोणीच सांगितले नाही. प्रसूतिगृहातून घरी सोडताना मिळालेला कागद मी जपून ठेवला आहे. त्यात वजन आहे, रक्तगट आहे, लसींच्या तारखा आहेत. खुब्याचा उल्लेख नाही.

ही तपासणी म्हणजे काही मोठे यंत्रसाहाय्य नव्हे. बाळाचे गुडघे दुमडून मांड्या अलगद बाहेर उघडताना निसटलेला माथा आत सरकल्याचा सूक्ष्म धक्का वैद्याच्या बोटांना जाणवतो, ही परीक्षा इटलीच्या ओर्तोलानींनी १९३७ मध्ये वर्णिली आणि मँचेस्टरच्या बार्लोंनी १९६२ मध्ये तिला जोड दिली. पहिल्या सहा महिन्यांत दोष सापडला, तर पावलिक या चेक वैद्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यांत मांड्या काही आठवडे फाकवून ठेवल्याने बहुतेक सांधे जागी बसतात. आमच्या वाट्याला मात्र भूल, शस्त्रक्रिया आणि छातीपासून घोट्यापर्यंतचे प्लॅस्टर आले. दोन पायांच्या मध्ये आडवी दांडी होती, आणि तिला धरून मुलीला उचलू नका अशी सक्त ताकीद होती. विरार लोकलच्या बाकावर ती मांडीवर मावत नसे, म्हणून सूनबाई दुपारची गर्दी ओसरलेली गाडी पाहून निघत.

घरातल्या रीतींचाही येथे विचार व्हावा. न्हाऊ घालणारी बाई पाय ‘सरळ व्हावेत’ म्हणून ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळते, ते या सांध्यास बाधक आहे. उलट मान धरू लागलेल्या बाळाला पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी रीत त्यास पोषक आहे. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नसेल, तर आईने ती गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घालावी.

असे मूल हजारात एखाददुसरे, आणि जन्मतः सैल वाटणारे पुष्कळ खुबे काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतात, तेव्हा पालकांना नाहक घाबरवू नये, असा आक्षेप येईल. तो अंशतः खरा आहे, पण त्यातून निष्पन्न होते ते फेरतपासणीचे महत्त्व. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ झाला तो आपल्याच, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या पालघरात, आणि त्याने मुक्रर केलेल्या जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा विकार नावानिशी आहे; परंतु या कार्यक्रमातील जन्मवेळची तपासणी सरकारी प्रसूतिस्थानांसाठी योजलेली, आणि आमच्यासारखी असंख्य कुटुंबे खाजगी प्रसूतिगृहांत जातात.

शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा ज्या महापालिकेच्या हाती आहे, तिच्या आरोग्य खात्याने वसई-विरारच्या हद्दीतील प्रत्येक प्रसूतिगृहास लेखी हुकूम द्यावा की घरी सोडण्याच्या कागदावर उजव्या व डाव्या खुब्याची नोंद तपासणाऱ्याच्या सहीनिशी असावी, आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या लसीच्या वेळी ती पुन्हा व्हावी. माझ्याजवळचा तो कागद आणि नातीची क्ष-किरण चित्रे घेऊन खात्याच्या कचेरीत केव्हाही रुजू होण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, वसई