भाकरी मिळाली, कोरड्यासाचे काय?

गरिबाने डाळ-भाकरी खावी, मोड आलेली मटकी खावी, एखादी पालेभाजी खावी, वर मूठभर शेंगदाणे खावेत. त्याला असे कितीसे पैसे लागतात? हा प्रश्न पुण्यात प्रश्न म्हणून विचारला जात नाही, उत्तर म्हणून तोंडावर फेकला जातो. तो डॉक्टरांकडून ऐकू येतो, सकाळी टेकडी चढून आलेल्या निवृत्तांकडून ऐकू येतो आणि हल्ली वनस्पतिजन्य आहाराचा नव्याने पुरस्कार करणाऱ्या तरुण मंडळींकडूनही ऐकू येतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. धान्य, कडधान्य, पालेभाजी आणि तेलबिया यांवर माणूस उत्तम जगू शकतो. माझे भांडण आहे ते ‘कितीसे’ या शब्दाशी. हयात बँकेत गेल्यामुळे हा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो.

मी कसबा पेठेत राहतो. पुण्याची ही सर्वांत जुनी पेठ. गावाचा गणपती इथला, तांबट आळी इथली, कुंभारवाडा इथला. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या. तरी उरलेल्या वाड्यांतल्या एकेका खोलीत आणि नदीकडच्या बाजूला माणसे अजून दाटीने राहतात. धुणीभांडी करणाऱ्या बायका, दुकानांतले नोकर, रिक्षावाले, हातगाडीवाले. यांतले बहुतेक जण जातीने किंवा व्रताने शाकाहारी नाहीत. (पुण्यात शाकाहार हा शब्द उच्चारला की त्याला सोवळ्याचा वास येतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.) पण आठवड्याचे पाच-सहा दिवस त्यांचे ताट वनस्पतिजन्यच असते, कारण रोज मटण-मासळी आणणे खिशाला झेपत नाही. थोड्या पैशांत शाकाहार सकस कसा करावा हा प्रश्न त्यांच्या घरात रोज संध्याकाळी उभा राहतो. त्याला कुणी आहारशास्त्र म्हणत नाही, इतकेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. दिवसाला दोन हजार उष्मांकांचे ताट धरले तर त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर असावे असे ती संस्था सांगते. पिशवी घेऊन मंडईत आणि पेठेतल्या वाण्याकडे फिरताना जे भाव मला दिसले ते ठोकळमानाने धरून मी हे ताट मांडून पाहिले. धान्याचे ११ रुपये, डाळीचे ९, भाजीचे २०, केळे किंवा पेरू ६, शेंगदाणे ५, तेल ४ आणि दुधाचे १७. एकूण माणशी दिवसाला ७२ रुपये. चार माणसांच्या घराला महिन्याकाठी साडेआठ हजारांच्या वर. यात गॅस नाही, मीठ-मसाला नाही, चहा-साखर नाही.

दूध मुळीच नको म्हणणाऱ्याने त्याचे १७ रुपये वजा करावेत आणि थोडी जास्त डाळ, थोडे तीळ, नाचणी यांसाठी आठ रुपये मिळवावेत. ६३ रुपये. म्हणजे खऱ्याखुऱ्या वनस्पतिजन्य ताटाला दिवसाला साठीच्या घरात पैसे लागतात. आता केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहणीकडे वळू. शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये, त्यातला जेमतेम चाळीस टक्के अन्नावर. दिवसाला ९२ रुपयांच्या आसपास. आकडा ७२ पेक्षा मोठा आहे, तेव्हा भागायला हरकत नसावी असे वाटेल. पण सरासरी नेहमी वरच्यांच्या बाजूला झुकलेली असते, आणि या ९२ रुपयांत हॉटेल, फरसाण, बिस्किटे, चहा सगळे आले. शहरी कुटुंबांच्या अन्नखर्चात पेये आणि तयार पदार्थ हा गट आज सर्वांत मोठा आहे. दुधाहून मोठा, भाजीहून मोठा.

माझ्या हिशोबातली खरी गोष्ट मात्र एकूण बेरजेत नाही, रकान्यांत आहे. बहात्तरांपैकी धान्याचे अवघे अकरा. भाजी आणि दूध मिळून सदतीस, म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि सरकार ताटात जे फुकट वाढते ते धान्यच. २०२३ च्या जानेवारीपासून अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, आणि २०२४ च्या जानेवारीपासून पुढची पाच वर्षे ते चालू ठेवण्याचा निर्णय झालेला आहे. या धान्याला नाक मुरडणारे ज्या घरांतले असतात, त्या घरांत उपासमार कुणी पाहिलेली नसते. करोनाच्या काळात याच धान्याने माणसे तगली. पण रेशनची पिशवी घरी आली म्हणजे जेवण घरी आले, हा समज चुकीचा आहे. आमच्याकडे गावाकडची माणसे भाकरीबरोबर जे काही असेल त्याला कोरड्यास म्हणतात. भाकरी मिळाली, कोरड्यास ज्याचे त्याने बघायचे आहे.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना घरखर्चाचा रकाना मी बारकाईने वाचत असे. भाडे, शाळेची फी, किराणा, प्रवास हे लोक ठामपणे लिहीत. भाजीपाल्याचा आकडा मात्र बहुधा शेवटी येई आणि बेरीज जमवण्यासाठी कमी-जास्त होई. कागदावर जे घडे तेच घरात घडते. भाडे कमी करता येत नाही, फी कमी करता येत नाही, भाकऱ्या मोजून थापल्या तरी त्याला मर्यादा आहे. भाजी आज पावशेर कमी आणता येते, डाळीत पाणी वाढवता येते, फळ तर आणलेच नाही तरी कुणी रडत नाही. महागाई आली की ती प्रथम वाटीत उतरते, ताटात नंतर.

याची मुळे थोडी मागे आहेत, आणि ती पुण्यातच सापडतात. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा तो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च करू शकणारा तो रेषेच्या वर, ही त्यांची कसोटी. १९६०-६१ च्या भावाने ती रेषा खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. रोमच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळून पुण्यात आलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी या कसोटीला हरकत घेतली. माणसाची गरज दररोज सारखी नसते, शरीर कमी-जास्त जुळवून घेते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर पुढे कितीतरी वर्षे वाद चालला. सुखात्म्यांचा आणखी एक मुद्दा आजच्या विषयाला लागू आहे. आपल्याकडच्या धान्य-डाळीच्या जेवणातच पुरेशी प्रथिने असतात, प्रथिनांची तूट म्हणतात ती बहुतांशी पोटभर न मिळाल्यामुळे असते, असे ते सांगत. धान्यात जे प्रथिन-घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी ते धान्यात. वरण-भाताची जोडी कुण्या शास्त्रज्ञाने लावून दिलेली नाही.

दोघेही मोठे विद्वान, आणि दोघांनीही माणसे प्रत्यक्ष काय खातात हे पाहूनच गणित मांडले होते. सरकारने मात्र त्यातून उष्मांक तेवढा उचलला. उष्मांक सर्वांत स्वस्त धान्यातून मिळतो, आणि धान्य गोदामात राहते. हरितक्रांतीने गहू-तांदूळ वाढले, खरेदी त्यांचीच झाली, रेशनवर तेच आले. डाळीकडे कुणी पाहिले नाही. १९६१ साली देशात माणशी दिवसाला ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती; २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. नंतर काहीशी सावरली, तरी जुना आकडा अजून दूर आहे. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरातली दारिद्र्यरेषा दिवसाला ३२ रुपये असल्याचे सांगितले तेव्हा देशभर हसे झाले, ते रास्तच होते. पण त्या बत्तीस रुपयांत डाळ किती आणि भाजी किती, हे विचारणारे थोडेच निघाले.

ज्वारीची तऱ्हा आणखी वेगळी. माझ्या लहानपणी गहू सणाला आणि पाहुण्याला, रोजची भाकरी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आली, ती नाक दाबून खाल्लेली माणसे अजून आहेत. तेव्हा जुने ते सगळे सोने असे मी सुचवत नाही. पण भाकरी, हुलग्याची किंवा मटकीची उसळ, माठ-अंबाडी-चंदनबटवा यांतली एखादी पालेभाजी, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी, कांदा आणि लिंबाची फोड, या ताटात आहारतज्ज्ञाला सुधारायला फारसे काही नव्हते. त्यातली गरिबाची ज्वारी आज गव्हापेक्षा महाग आहे. महाराष्ट्रातले तिचे क्षेत्र निम्म्याहूनही खाली आले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा भाकरीची थाळी मोठ्या हॉटेलांत गेली आणि तांबट आळीत रेशनच्या गव्हाची पोळी व बटाट्याची भाजी राहिली.

पैशाइतकाच प्रश्न वेळेचा आहे, आणि उपदेश करणारे तो विसरतात. मटकी भिजवायची, उपसायची, बांधायची, शिजवायची, पालेभाजी निवडायची. सकाळी सातला घराबाहेर पडून चार घरची भांडी घासून संध्याकाळी परतणाऱ्या बाईने हे केव्हा करावे? पाच रुपयांचा बिस्किटपुडा मुलाच्या हातात दिला तर त्याला ना गॅस लागतो, ना वेळ. या अडचणीवर पुण्यातच एक उत्तर निघाले होते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला परवडेल अशी झुणका-भाकर, उसळ, भाजी. ना नफा, ना तोटा. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. ती योजना काही वर्षांत गुंडाळली. केंद्रांच्या नावाने मिळालेल्या जागा मात्र अनेकांच्या कामी आल्या. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी शिवभोजन थाळी आली. ग्राहकाने दहा रुपये द्यायचे, शहरात थाळीमागे चाळीस रुपये सरकारने. तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. योजना चांगली; पण शिजलेल्या शंभर ग्रॅम वरणात कोरडी डाळ फार तर पंधरा-वीस ग्रॅम असणार. आणि केंद्रचालकांची बिले थकल्याच्या बातम्याही वारंवार आल्या. या तिन्हींत सर्वांत जास्त काळ टिकली ती सरकारी नसलेली.

वनस्पतिजन्य आहाराच्या पुरस्कर्त्यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध-दह्यातून थोडे येते. तेही सोडणाऱ्याने गोळी घ्यावी, ती काही फार महाग नसते. गरिबाच्या कालवणात पडणारी सुकटीची चिमूट हीच उणीव भरून काढीत असते, तिला हिणवू नये. लोहाचे तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या कक्षेत आल्या. पालेभाजी-डाळीतले लोह अंगी लागायला लिंबू हवे, आणि जेवणावर लगेच चहा नको. या दोन सूचनांना पैसाही पडत नाही. शाळेच्या दुपारच्या जेवणात आठवड्याला एक अंडे द्यायचे राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात ठरवले, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला. अंडे नको असेल तर नसो. पण ज्यांनी ते ताटातून काढले त्यांनी त्याच्या तोलाचे दुसरे काय वाढले, हे दाखवायला हवे.

डाळ रेशनवर देणे अशक्य नाही. तामिळनाडूत तूरडाळ सवलतीत मिळते, कर्नाटकात नाचणी-ज्वारी रेशनवर येते. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला: किलोभर चणाडाळ, किलोभर रवा, किलोभर साखर, लिटरभर पामतेल. सण साजरा होण्यापुरता ठीक. महाराष्ट्रात अन्नसुरक्षेचे लाभार्थी सात कोटींच्या घरात आहेत. माणशी महिन्याला किलोभर डाळ द्यायची, किलोला शंभर रुपये भाव धरायचा आणि निम्मा भार सरकारने उचलायचा, तर वर्षाला ४,२०० कोटी रुपये लागतात. रक्कम लहान नाही. पण २०२५-२६ साठी लाडक्या बहिणींच्या योजनेला ३६,००० कोटींची तरतूद होती. ही रक्कम त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शात बसते. बहिणीच्या हातात पंधराशे रुपये येतात ते चांगलेच आहे. मात्र चौघांच्या घरात त्यांचे माणशी दिवसाला साडेबारा रुपये होतात, आणि त्या साडेबारा रुपयांवर हक्क सांगायला भाडे, फी आणि औषधे आधीच रांगेत उभी असतात. डाळ डाळ म्हणूनच आली तर ती वाटीतच जाते.

भाजी गोदामात राहत नाही, तिला निराळा उपाय लागेल. थंडीत मेथीची जुडी हाताशी असते, पावसाळ्यात तिचा भाव ऐकून बायका पुढे सरकतात. पुण्याच्या उपनगरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरतात, तिथे मोटारी लावून भाजी नेणारेही पुष्कळ असतात. कसब्यात तसा बाजार भरवायचा असेल तर तो आठवड्यातून दोन दिवस तरी हवा, आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात हवा. त्याआधी इथल्या बायका घरी आलेल्या नसतात.