वस्ती सुटली, म्हणजे चळवळ सुटली का?

आपली चळवळ वस्तीत वाढली. विहार, जयंती समिती, रविवारची वंदना, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पण शिकलेली पोरं आता हिंजवडीत, बेंगळुरूत, दुबईत आहेत. तिथे ना वस्ती ना विहार. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या कार्यकर्तीचं तर आपण नावही घेत नाही. माहेरच्या मंडळातून ती सुटते आणि सासरच्या मंडळात तिला स्वयंपाकाशिवाय काम मिळत नाही.

अशा माणसांना आपला फोन जातो तो एप्रिलच्या आधी, वर्गणीसाठी. नंतर "शिकलेले समाजाला विसरले" म्हणून आपण मोकळे. हा आरोप आम्हाला अर्धाच मान्य आहे. विसरलेले आहेतच. पण ज्यांना आठवण आहे त्यांना आपण काम काय दिलं?

बाबासाहेबांच्या संस्था एका वस्तीपुरत्या कधीच नव्हत्या. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा मुंबईची, पण १९२५ मध्ये तिने वसतिगृह काढलं ते सोलापुरात. पीपल्स एज्युकेशन सोसायटी मुंबईची, तिचं मिलिंद महाविद्यालय औरंगाबादला. पुढे कांशीराम साहेबांनी बामसेफ बांधली ती नोकरदारांची, गाव-मोहल्ल्याची नव्हे. माणसं जोडली गेली ती कामाने.

आज असं काम समोर पडलेलं आहे. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या विद्यार्थ्यासाठी स्वाधार योजना आहे, पण कागदपत्रांत पोर दमून जातं आणि पैसे खात्यात येईपर्यंत मेस थांबत नाही. उत्पन्नाचा दाखला तालुक्यातला कार्यकर्ता काढून देऊ शकतो. खोली बघायला शहरातली एखादी ताई लागते. मधल्या महिन्यांची मेस बेंगळुरूतला इंजिनिअर भरू शकतो. तिघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसेल, पण त्या पोराचा निकाल लागेपर्यंत ते एकमेकांचे झालेले असतील. रोज सकाळी ग्रुपवर जयभीम टाकून हे होत नाही.

पैसा बाहेरचा आला की बाहेरचाच साहेब होतो, ही भीती खरी आहे. म्हणून कोणाला मदत द्यायची हे तालुक्यातल्यानेच ठरवावं, आणि हिशोब तिघांनाही, विद्यार्थ्यालासुद्धा, दर महिन्याला दिसावा.

प्रत्येक जयंती समितीकडे वर्गणीची वही असते. तिच्यात गाव सोडून गेलेल्यांची नावं असतात, नावापुढे फक्त रक्कम. यंदा प्रवेश सुरू होण्याआधी त्या रकमेशेजारी आणखी एक रकाना आखा: हा माणूस, ही बाई, काय करू शकते?