लावली तुंबडी, भरली तुंबडी

माझ्या पाठीवर सध्या नऊ चंद्र आहेत. सगळे पौर्णिमेचे. शनिवारी उगवले तेव्हा जांभळे होते, आता कडेकडेने पिवळे पडू लागलेत. दर नगाला शंभर रुपये.

बायकोने ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी नुकताच आंघोळ करून बाहेर आलो होतो. "अहो, हे काय? पाठीवर कुणी चहाचे ओले कप ठेवले होते का?" अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिचं निदान इतकं अचूक कधी आलं नव्हतं. कपच होते. चहा तेवढा नव्हता. तो असता तर निदान काही वसूल झालं असतं.

झालं होतं एवढंच की मान धरली होती. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाचं दुसरं धरणार तरी काय? म्हणून मालिश करून घ्यायला गेलो. मालिशवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. जाणत्या हाताने तेल लावून खांदे रगडले की स्नायू सैल पडतात, रात्री झोप लागते. चार-दोन दिवसांनी दुखणं पाहुण्यासारखं परत येतं, पण मधले दिवस सुखाचे जातात. चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणारा मालिशवाला तुमचं यकृत शुद्ध करण्याची हमी देत नाही. 'मालिश' म्हणतो, मालिश करतो, पैसे घेतो, पुढच्या बाकाकडे जातो. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद तर तेवढंही बोलत नाही. उताणा हो, पालथा हो, ऊठ. संपलं.

मी गेलो ते मात्र वेलनेस सेंटर होतं. तिथे आधी फॉर्म भरावा लागतो. आवडता सुगंध कोणता: लॅव्हेंडर की गवती चहा? संगीत कोणतं: बासरी की समुद्र? रक्त पातळ करणारी गोळी घेता का, हा प्रश्न कुठेच नव्हता. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेले, रोज गोळी घेणारे (हे सगळं त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितलं, पुणेकर असूनही), मन लावून 'गवती चहा'समोर खूण करत होते.

आतला थेरपिस्ट पंचविशीतला, हसतमुख. म्हणाला, "सर, मसाजबरोबर कपिंग घ्याच. कॉम्प्लिमेंटरी आहे." मी मान डोलावली, जेवढी डोलत होती तेवढी. बिल हातात पडल्यावर कळलं की इंग्रजीत हे शब्द दोन आहेत. एकाच्या स्पेलिंगमध्ये 'आय' असतो, तो फुकटाचा. दुसऱ्याच्या स्पेलिंगमध्ये 'ई', तो पूरक. एका स्वराचे नऊशे रुपये! पाणिनीलासुद्धा हा भाव कधी मिळाला नसेल.

पण 'पूरक' हा शब्द लाख मोलाचा आहे. ज्याला एकट्याने काही सिद्ध करायचं नाही त्याच्यासाठी याहून ऐसपैस जागा नाही. मालिश केली, वर कप लावले. बरं वाटलं? कपांची किमया. नाही वाटलं? अजून सहा सेशन्स लागतील. बैलगाडीखालून चालणारं कुत्रं ठाऊक आहे ना तुम्हाला, गाडी आपणच ओढतोय असं समजणारं? त्याने आता व्हिजिटिंग कार्ड छापलंय. त्यावर लिहिलंय: पूरक ओढकाम.

आता प्रत्यक्ष कर्म. पारदर्शक प्लास्टिकचे कप, त्यांच्या डोक्यावर झडप, आणि हवा ओढायला खेळण्यातल्या पिस्तुलासारखा पंप. पाठीवर कप ठेवायचा, घोडा तीन-चारदा दाबायचा, खट् खट् खट्. आतली हवा कमी होते आणि कातडी पुरीसारखी टम्म फुगून कपात चढते. पालथा पडल्यामुळे मला स्वतःचं काही दिसत नव्हतं. समोरच्या भिंतीवरचा तक्ता मात्र दिसत होता. फिकट गुलाबी डाग: अभिसरण उत्तम. लाल: उष्णता. जांभळा: टॉक्झिन्स साचलेले. काळसर: फारच साचलेले, लगेच पॅकेज घ्या. (शेवटचे तीन शब्द माझे, आशय त्यांचा.) तक्त्याशेजारी चौकटीत प्रमाणपत्र, दोन दिवसांच्या कार्यशाळेचं.

"हे नेमकं करतं काय?" मी उशीच्या भोकातून विचारलं.

"सर, मसाज प्रेशर देतो, टॉक्झिन्स दाबून बाहेर काढतो. कपिंग निगेटिव्ह प्रेशर देतं, टॉक्झिन्स ओढून बाहेर काढतं. म्हणून दोन्ही एकत्र."

दाबलं तरी बाहेर, ओढलं तरी बाहेर! इतकी निघायला टेकलेली विषं आतापर्यंत थांबली होती तरी कुणासाठी?

"कोणती टॉक्झिन्स?"

"बॉडीमधली, सर."

या उत्तरापुढे चरकाचार्यही गप्प बसले असते. युरिया म्हणा, शिसं म्हणा, बिलिरुबिन म्हणा, एक तरी नाव घ्या! विष म्हटलं की त्याला नाव असतं, मात्रा असते, मोजण्याची रीत असते. या बिचाऱ्यांना नाव नाही, गाव नाही, रेशनकार्ड नाही. फक्त पॅकेज आहे. आणि नाव असलेल्या घाणीसाठी शरीरात कायम नोकरीला दोन मूत्रपिंडं आहेत, जी दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात. बासरी न लावता.

आता सगळ्यात रसाळ भाग. या प्रकाराला कोरडं कपिंग म्हणतात. कोरडं, म्हणजे कातडीला छेद नाही. छेद नाही, म्हणजे शरीरातून बाहेर काहीही जात नाही. एक थेंबसुद्धा नाही. मग ओढलेलं विष गेलं कुठे? कपात? कप तर कोरडा ठणठणीत, नॅपकिनने पुसून पुढच्या पाठीवर चढायला तयार. झालं एवढंच की त्या ओढीने कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटल्या, त्यातलं रक्त आजूबाजूला पाझरलं आणि तिथेच बसलं. शुद्ध मराठीत याला मुका मार लागणं म्हणतात. दारावर आदळल्यावर गुडघ्याला होतं तेच. मग शरीर ते सांडलेलं रक्त मोडीत काढतं. हिमोग्लोबिन फुटतं, त्यातून हिरवट, मग पिवळी रंगद्रव्यं बनतात, ती रक्तातून यकृताकडे जातात आणि यकृत त्यांची विल्हेवाट लावतं. म्हणजे झाडून काढलेला कचरा आपण गालिच्याखाली सारला आणि यकृताला जादा पाळीवर बोलावलं. याचं नाव डिटॉक्स! माझ्या चंद्रांचा पिवळेपणा ही त्या ओव्हरटाइमची पावती.

आणि ज्यांचं रक्त गोळीने पातळ केलेलं आहे त्यांच्यात हे पाझरणं आवरायला जास्त वेळ लागतो. गवती चहावाले काका मला अजून आठवतात.

तक्त्याचाही निकाल लावून टाकू. चिडलेल्या माणसाने करू नये ते मी केलं: ऑनलाइन बारा कपांचा संच मागवला. डावी पोटरी निवडली. हिने मला आयुष्यात कधी त्रास दिलेला नाही, हिच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. एक कप दोन मिनिटं ठेवला, दुसरा त्याच्यापासून चार बोटांवर, तितकेच खट् मारून, बारा मिनिटं. पहिला डाग फिकट गुलाबी, दुसरा वांग्यासारखा. तक्त्याप्रमाणे माझ्या पोटरीत चार बोटांच्या अंतरावर एक तपोवन आणि एक केमिकल झोन नांदतो. एका पोटरीचा प्रयोग म्हणजे काही संशोधन नव्हे, कबूल. पण तो तक्ता तर एकाही पोटरीवर तपासलेला दिसत नाही.

आता तो शब्द, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. कपिंगला मराठीत शब्द आहे, आणि तो कुणी उच्चारत नाही. तुंबडी लावणे! माझ्या आजोबांच्या गावी, नगर जिल्ह्यात, वर्षातून एकदोनदा वैदू यायचे. झोळीत मुळ्या, पुड्या आणि एक शिंग. दुखऱ्या गुडघ्यावर बारीक चिरा द्यायच्या, शिंगाचं रुंद तोंड तिथे टेकवायचं, टोकाच्या भोकातून तोंडाने हवा ओढायची आणि मेणाने भोक बंद करायचं. मोबदला पायलीभर ज्वारी. आजोबांनी लावून घेतली होती. पुढे शाळा शिकलेल्या आमच्या काकांनी त्याच वैदूला अंगणातून हाकललं, अडाणीपणा म्हणून. ठीकच केलं, चिरा द्यायचं ते पातं कधी उकळलेलं नसायचं. पण आज काकांच्या नातवाने तेच शिंग प्लास्टिकमध्ये, वातानुकूलित खोलीत, इंग्रजी नावाने घेतलं आहे आणि त्याचा फोटो टाकला आहे. मग हाकलला तो अडाणीपणा होता की ज्याच्या अंगावर इस्त्रीचे कपडे नव्हते तो माणूस?

बरं, परंपरेचा इतका पुळका आहे तर आपल्या परंपरेचा तरी असावा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेरावा अध्याय जळवांचा. तिथे रक्त काढायची तीन साधनं आहेत: वाताने बिघडलेल्या रक्ताला गाईचं शिंग, पित्ताला जळू, कफाला अलाबू, म्हणजे पोकळ भोपळा, आत दिवा लावून. सिद्धांत आज टिकणार नाही, पण तो सिद्धांत तरी आहे: कशाला काय, याचा हिशेब आहे. शिवाय सुश्रुताच्या तुंबडीतून रक्त खरोखर बाहेर यायचं. युनानीतल्या हिजामातही येतं. त्याच्याशी माझा वाद वेगळा आणि जास्त आदराचा आहे, कारण तिथे श्रद्धेला लोक श्रद्धाच म्हणतात. आमच्या सेंटरच्या माहितीपत्रकात मात्र पहिल्या परिच्छेदात 'प्राचीन चिनी विद्या' आणि दुसऱ्यात 'अत्याधुनिक तंत्र'. आजीचं लुगडं आणि लेटेस्ट फॅशन, एकाच घडीत. आणि 2020 साली चिनी ॲपवरून ज्यांनी देशभक्तीची परीक्षा घेतली, तेच लोक इथे चिनी कपांसमोर पाठ उघडी करून पालथे पडतात, याबद्दल मी काही बोलत नाही.

मग कुणीतरी फेल्प्स काढतं. काढतंच. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावर हे डाग होते आणि त्याने पाच सुवर्णपदकं जिंकली. जिंकली ना! त्याच खांद्यांनी 100 मीटर बटरफ्लायमध्ये तो सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगच्या मागे राहिला आणि रौप्यपदक आणखी दोघांबरोबर वाटून घेतलं. त्या दिवशी कप कमी पडले की टॉक्झिन्स जास्त झाली? फेल्प्स पोहायचा म्हणून जिंकायचा. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी डाग घेऊन येतात आणि लिफ्टने वर जातात.

याच्या उलट टोकाला जॉर्ज ऑर्वेल. 1929 साली तो पॅरिसमध्ये गरिबांच्या इस्पितळात आजारी पडला होता. तिथे समोरच्या खाटेवरच्या रोग्याला काचेचे पेले लावताना पाहिलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं, कारण त्याची समजूत होती की असलं काही घोड्यांना करतात. मग तेच पेले, निर्जंतुक न करता, त्याला लावले. 1946च्या निबंधात त्याने हे लिहिलं आहे, गरिबांशी इस्पितळ कसं वागतं याचा नमुना म्हणून. जे निराधारावर लादलं तर छळ, तेच ऐपतदाराने रांग लावून घेतलं तर उपचार. प्रगती आहे.

'पण लोकांना बरं वाटतं, त्याचं काय?' वाटतं. मलाही अर्धा तास वाटलं. कुणीतरी चाळीस मिनिटं तुमच्याकडे लक्ष देतं, अंगावर काहीतरी गंभीर घडतंय असं भासतं, शेवटी मिरवायला डागही मिळतो. म्हणून तर संशोधकांनी एक गमतीदार युक्ती केली: भोक पाडलेले कप. दिसायला हुबेहूब, पण हवेची ओढ टिकत नाही. जर्मनीत 2016 साली फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर जुनाट दुखण्याच्या, 141 रुग्णांवर हे केलं. खरे कप नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा सरस निघाले, वाजतगाजत. पण भोकाच्या कपांपेक्षा सरस? नाही. ब्राझीलमध्ये 2021 साली जुनाट कंबरदुखीच्या 90 जणांवर आठ आठवडे तसाच प्रयोग झाला, तिथेही खऱ्या कपांनी खोट्यांना मागे टाकलं नाही. तेव्हा बिनभोकाचे कप हवेत कशाला? भोकाचे लावा. बरं तेवढंच वाटेल, केशवाहिन्या शाबूत राहतील, आणि बायको चहाचा विषय काढणार नाही.

मराठीत तुंबडीचे दोन अर्थ आहेत. एक दुखऱ्या गुडघ्यावर लावायची, दुसरी गोसाव्याच्या हातातली, लोकांनी भरायची. भाषेने ही दोन्ही कामं एकाच भोपळ्याला देऊन ठेवली होती. आम्हीच दोन वेगळ्या वस्तू समजत होतो.

काल सेंटरमधून फोन आला. रिसेप्शनवरची मुलगी, आवाज मधाळ.

"सर, मार्क्स गेले का?"

"पिवळे झालेत."

"व्हेरी गुड! म्हणजे टॉक्झिन्स बाहेर पडतायत. पूर्ण गेले की लगेच नेक्स्ट सेशन बुक करू."

"पूर्ण गेल्यावर पुन्हा कशाला?"

पलीकडे जराशी शांतता. कागद उलटल्याचा आवाज. "सर, मेंटेनन्स."

"आणि माझ्या मानेचं काय?"

"मान?" ती म्हणाली. "सर, तुमच्या फॉर्मवर नुसतं लॅव्हेंडर लिहिलंय."