अकादमीच्या आधी दवाखाना

आखातात वाढलेल्या आपल्या मुलामुलींना वैमानिक व्हावेसे वाटू लागले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. दुबई साउथमध्ये एमिरेट्सची वैमानिक प्रशिक्षण अकादमी समोर दिसत असताना ते स्वाभाविकही आहे. मात्र आपल्या घरांत शुल्क आणि कर्जाची चर्चा आधी होते, वर्ग 1 च्या वैद्यकीय प्रमाणपत्राची अगदी शेवटी. वडिलांची आयुष्यभराची पुंजी भरून झाल्यावर अपात्रतेचा कागद हाती येणे आपल्यापैकी बहुतेकांना परवडणारे नाही.

टाइप 1 मधुमेहाचेच उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 1 प्रमाणे इन्शुलिन घेणारा उमेदवार अपात्र ठरतो. पण तज्ज्ञांच्या मते सुरक्षिततेला बाधा नसेल, तर अपवाद करण्याची मुभाही त्याच परिशिष्टाने देशांना दिली आहे. ती वापरून ब्रिटनने 2012 पासून अशा वैमानिकांना व्यावसायिक उड्डाणाची वाट मोकळी केली, अमेरिकेने 2019 मध्ये. ब्रिटिश पद्धतीत उड्डाणापूर्वी, उड्डाणात दर तासाला आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी साखर मोजावी लागते. अशा 49 वैमानिकांच्या 38,000 हून अधिक नोंदींपैकी सुमारे 98 टक्के सुरक्षित मर्यादेत आढळल्या.

आजाऱ्यांना सरसकट वगळणे हाही जातिभेदच, असे आपले काही तरुण म्हणतात. मला ते पटत नाही. जात ही लादलेली असते. साखर मात्र मोजता येते, आणि ती एकाएकी उतरली तर कॉकपिटमध्ये भान हरपू शकते. मागे बसलेल्या प्रवाशांचाही काही हक्क आहे. म्हणून आपली मागणी सवलतीची नसावी. ब्रिटनप्रमाणे प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्रपणे तपासावे, एवढीच असावी. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्यांनी त्या आजारपणातच पूर्ण केला. आजार म्हणजे अक्षमता नव्हे, हे आपल्याला इतरांनी शिकवावे लागू नये.

पण ‘डॉक्टरांना सांगूच नका’ हा शेजारधर्माचा सल्ला कृपया कोणी देऊ नये. चौथे शील आपण दर रविवारी घेतो, ते अर्ज भरतानाही लागू आहे. शिवाय लपवलेला आजार उघड झाला, तर परवाना जातो आणि पुढची दारेही बंद होतात.

परवाना ज्या देशाचा, निकष त्या देशाचे. लंडनमध्ये चालते ते अबुधाबीत किंवा दिल्लीत चालेलच असे नाही. तेव्हा शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी त्या देशाच्या मान्यताप्राप्त वैद्यकीय परीक्षकाकडे सर्व जुने अहवाल घेऊन जावे. नकार मिळाला, तर कारण लेखी मागावे.