वैद्यकीय संशोधनाची पेढी व तिची पत

व्यापारी पेठेंत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस पत म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. हुंडीचा कागद चार पैशांचा असतो. ती शिकारली जाते ती कागदावरील नांवामुळें. ज्या पेढीनें वर्षानुवर्षें आपला शब्द पाळला तिच्या अक्षरास मोल येतें. आणि जिनें एकदां खोटी हुंडी चालविली तिचा खरा रुपयाही लोक दगडावर वाजवून घेतात. वैद्यकीय संशोधन प्रसिद्ध करणारें नियतकालिक ही अशाच प्रकारची पेढी आहे. पत हेंच तिचें सारें भांडवल. आपल्या गांवचा डॉक्टर रक्तदाबावर जी गोळी लिहून देतो, ती तो स्वतः प्रयोग करून देत नाहीं; कोठें तरी कोणी तरी प्रयोग केला, दुसऱ्यानें तो पारखला व तिसऱ्यानें तो छापला, या भरंवशावर तो देतो. तो भरंवसा खोटा ठरल्यास तोटा वहींत मांडला जात नाहीं, रोग्याच्या देहांत मांडला जातो. म्हणून हा विषय केवळ पंडितांचा आहे असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये अशी आमची विनंति आहे.

प्रसंग असा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांकरितां ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें, आणि त्यांचा लाभ ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांस, असा तिचा आंकडा आहे. यांतील बहुतेक प्रकाशक परदेशीय आहेत. या योजनेचें आम्ही स्वागतच करितों. ज्ञान विलायतेचें म्हणून तें टाकावें असा स्वदेशीचा अर्थ आम्हीं कधींच केला नाहीं. परंतु दुसऱ्याच्या दुकानचा माल विकत घेण्यास तिजोरी उघडणाऱ्यानें आपल्या घरच्या कारखान्याची काय स्थिति आहे हेंही पाहावें कीं नाहीं? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकास आहे.

आपली स्वतःची पतदार पेढी नसली म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आपल्या घरचेंच आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. इ. स. १९३१ मध्यें गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या दोघां बंगाली गृहस्थांनीं ही वनस्पति उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे असा लेख ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या पत्रांत प्रसिद्ध केला. लेखांत सत्य होतें. परंतु देशाबाहेर त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९४९ सालीं मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्या रोग्यांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें छापला. तो वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं तें औषध तपासावयास घेतलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं सर्पगंधेंतील रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. आणि १९५७ सालीं डॉ. वकील यांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. वनस्पति आपली, वैद्य आपले, रोगी आपले. परंतु ती हुंडी जगांत शिकारली जाण्यासाठीं तिच्यावर परक्या पेढीचा शिक्का लागला! मधल्या १८ वर्षांत या औषधानें ज्यांस आराम पडला असता त्यांची गणती कोण करणार?

येथें कोणी म्हणेल कीं, हिंदुस्थानांत त्या वेळीं नियतकालिकें नव्हतीं काय? होतीं. ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ १८६६ पासून कलकत्त्यास निघत होतें. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ सालीं सुरू झालें, आणि काळ्या आजारावरील आपल्या यूरिया स्टिबामाइन या औषधाविषयीं उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं १९२२ सालीं त्याच पत्रांत लिहिलें. तें पत्र त्रैमासिकाचें १९५८ सालीं द्वैमासिक व १९६४ सालीं मासिक झालें; आज तें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचें मुखपत्र आहे. परंतु त्यास प्रारंभापासून सरकारचा आधार होता. सरकारी आधारावांचून, केवळ अध्यापकांच्या हौसेवर व कष्टांवर असें पत्र उभें राहूं शकतें काय, हा खरा कसोटीचा प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर पुढें परळानें दिलें.

परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेलें केईएम रुग्णालय हीं १९२६ सालीं सुरू झालीं. त्या काळीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या मुठींत असत. गोर्धनदास शेटजींच्या विश्वस्तांनीं देणगी देतांना अशी अट घातली कीं, येथील अध्यापक सरकारी नोकरींत नसलेले, योग्य पदवीधर हिंदी गृहस्थच असावेत. एका व्यापाऱ्याच्या पैशानें व महापालिकेच्या आश्रयानें हिंदी डॉक्टरांस शिकविण्याचें स्वराज्य राजकीय स्वराज्याच्या २१ वर्षें आधीं मिळालें, हें मुंबईच्या व्यापारी वर्गानें अभिमानानें स्मरावें. त्याच संस्थेच्या अध्यापकमंडळानें १९५५ सालीं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हें त्रैमासिक काढलें. शिकविण्याचें स्वराज्य मिळालें होतें. आतां पारखण्याचें व प्रसिद्ध करण्याचें स्वराज्य आलें.

या त्रैमासिकाची वाढ पाहण्यासारखी आहे. दिवसभर रोगी तपासावे, विद्यार्थ्यांस शिकवावें, आणि उरल्या वेळांत दुसऱ्यांचे निबंध वाचून दुरुस्त करावे, अशा लोकांनीं तें चालविलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘मेडलाइन’ सूचींत त्यास स्थान मिळालें. इंटरनेट आल्यावर एकविसाव्या शतकाच्या आरंभींच त्यानें आपले अंक सर्व जगास विनामूल्य खुले केले. परदेशांत अशी खुली पत्रें निघालीं तेव्हां वाचकाचा भार काढून तो लेखकाच्या माथीं घालण्याची रीत पडली, आणि एकेका निबंधास हजारों डॉलर घेतले जाऊं लागले. परळच्या पत्रानें वाचकाकडून दाम घेतलें नाहीं आणि लेखकाकडूनही निबंध तपासण्याचें वा छापण्याचें शुल्क न घेण्याचें धोरण धरिलें. गडचिरोलीच्या डॉक्टरास तें जितकें जवळ, तितकेंच लंडनच्या प्राध्यापकास. वैद्यकीय पत्रें इंटरनेटवर आणण्याच्या कामीं पुढाकार घेणारी ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्थाही मुंबईचीच. ती १९९७ सालीं निघाली, आणि २०११ सालीं वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीनें ती विकत घेतली. विकणारास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु परदेशीय कंपनीस जिचें मोल दिसलें तिचें मोल आपल्या भांडवलदारांस कां दिसलें नाहीं, हें त्यांनीं आपल्याशींच विचारावें.

आतां संपादनाची प्रगति म्हणजे काय तें पाहूं. पानें वाढलीं, कागद गुळगुळीत झाला, म्हणजे प्रगति झाली असें नव्हे. आलेला निबंध त्या विषयाच्या जाणत्यांकडे पाठवावा. त्यांनीं संख्याशास्त्राच्या, पद्धतीच्या व नीतीच्या दृष्टीनें तो तपासावा. रोग्याची संमति घेतली होती काय, नीतिसमितीची परवानगी होती काय, औषधकंपनीकडून पैसा मिळाला असल्यास तो उघड केला आहे काय, हें विचारावें. आणि शंकेचें समाधान न झाल्यास निबंध कितीही मोठ्या मनुष्याचा असो, तो परत पाठवावा. कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर संपादक हा न्यायाधीश आहे व परीक्षक हे उलटतपासणी करणारे वकील आहेत. उलटतपासणी न होतां नोंदलेल्या साक्षीस कोर्टांत जी किंमत, तीच पारख न होतां छापलेल्या निबंधास.

या बाबतींत आपल्या संपादकांनीं एक पाऊल निश्चयानें टाकलें. औषधांच्या चाचण्यांपैकीं यशस्वी झालेल्या तेवढ्या छापावयाच्या व फसलेल्या गिळून टाकावयाच्या, ही लबाडी जगभर चालत आली होती. तिला आळा म्हणून भारतांत २००७ सालीं चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही उघडण्यांत आली. २००८ सालीं अनेक भारतीय वैद्यकीय पत्रांच्या संपादकांनीं एकत्र येऊन, चाचणी आगाऊ नोंदविली असल्यासच तिचा निबंध विचारांत घेण्याची दिशा जाहीर केली. परळच्या पत्रानेंही तें निवेदन छापलें. पुढें १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनीं नोंदणी सक्तीची केली. सरकारी सक्ति येण्यापूर्वीं संपादकांनीं स्वतःवर बंधन घालून घेतलें, हें आम्ही विशेष मानतों. सुधारणा आंतून आली म्हणजे ती टिकते.

पतदार पेढीकडूनही चूक होते. लंडनच्या प्रसिद्ध ‘लॅन्सेट’नें १९९८ सालीं लशीचा व बालकांतील स्वमग्नतेचा संबंध सुचविणारा निबंध छापला, आणि तो पूर्णपणें मागें घेण्यास २०१० साल उजाडलें, तोंवर किती आईबापांच्या मनांत लशीविषयीं भीति शिरली! त्याच पत्रानें २२ मे २०२० रोजीं करोनावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीं छापलेला निबंध मूळ माहिती तपासावयास मिळेना असें दिसतांच ४ जून रोजीं मागें घेण्यांत आला. एका चुकीस बारा वर्षें, दुसरीस तेरा दिवस. चूक न होणें हें मनुष्याच्या हातीं नाहीं. ती लवकर व उघडपणें कबूल करणें हें हातीं आहे, आणि पत राहते ती त्यानेंच.

परंतु आज खरा धोका चुकीचा नसून बनावट नाण्याचा आहे. पैसे घ्यावे व वाटेल तें न तपासतां छापावें, असा धंदा करणारीं पत्रें गेल्या पंधरा-वीस वर्षांत बेसुमार माजलीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अशा पत्रांतील निबंधांची संख्या २०१० मधील सुमारें ५३ हजारांवरून २०१४ मध्यें सुमारें ४ लाख २० हजारांवर गेल्याचा अंदाज दिला आहे. आणि त्या निबंधांच्या लेखकांपैकीं जवळजवळ ३५ टक्के भारतांतील होते! हें वाचून आमची मान खालीं गेली. परंतु केवळ लेखकांस शिव्या देऊन भागणार नाहीं. ज्या मालास गिऱ्हाईक असतें तोच बाजारांत येतो. मग या मालास गिऱ्हाईक कोणीं निर्माण केलें?

तें नियमानें निर्माण केलें. वैद्यकीय अध्यापकाच्या बढतीसाठीं अमुक इतके निबंध हवेत असें ठरलें, कीं निबंध ही विद्येची वस्तु न राहतां बढतीची पावती बनते. तत्कालीन मेडिकल कौन्सिलनें सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकांत पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय द्यावें व केवळ इंटरनेटवर निघणारीं पत्रें धरूं नयेत असें लिहिलें. अनेक संपादकांनीं त्यावर योग्य टीका केली. कागदावर छापलेलें तें खरें व पडद्यावरचें तें खोटें, हा निकष कोणत्या शास्त्रांत बसतो? दहा जणांनीं मिळून केलेल्या संशोधनांत तिसऱ्यापासून दहावा हे काय केवळ पाणी भरीत होते? पुढें २०२० सालीं कौन्सिल जाऊन राष्ट्रीय आयोग आला व नियमांतही फेरफार झाले. परंतु निबंध मोजण्याची वृत्ति गेलेली नाहीं. मोजणें सोपें असतें, वाचणें कठीण असतें. म्हणून कचेऱ्या मोजतात.

याउलट असा आक्षेप घेतला जातो कीं, निबंधांची अट काढली तर अध्यापक संशोधन करणारच नाहींत. हा आक्षेप अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु संख्येची अट काढणें म्हणजे संशोधनाची अट काढणें नव्हे. उमेदवारानें आपल्या आयुष्यांतील उत्तम असे एक-दोन निबंध समितीपुढें ठेवावे व समितीनें ते वाचून त्यास प्रश्न विचारावे. वीस विकतच्या निबंधांचा धनी अशा तोंडी तपासणीपुढें पाव घटकाही टिकणार नाहीं.

आमच्या सूचना थोडक्यांत अशा. पहिली, बढतीचे नियम संख्येवरून गुणाकडे वळवावे. दुसरी, परदेशीय पत्रें वाचण्यासाठीं जे ६,००० कोटी रुपये मंजूर झाले त्यांच्या शतांशाइतकी, म्हणजे ६० कोटींची, वेगळी रक्कम वाचक व लेखक या दोघांकडूनही दाम न घेणाऱ्या स्वदेशी पत्रांसाठीं ठेवावी. मात्र तिचा लेखा उघड असावा व संपादकाच्या निर्णयांत सरकारनें हात घालूं नये. तिसरी, संपादनाचें व परीक्षणाचें काम अध्यापकाच्या सेवेंत धरावें. चौथी, अशा पत्रांतील लोकोपयोगी निबंधांचा सारांश मराठींत प्रसिद्ध व्हावा. ज्या महापालिकेच्या रुग्णालयांत गिरणगांवचा कामकरी वर्षानुवर्षें उपचार घेत आला, त्याच्याच दुखण्यांवरून मिळालेलें ज्ञान त्याच्या भाषेंत न पोंचावें हा न्याय नव्हे.

आणि शेवटीं व्यापारी बंधूंस दोन शब्द. धर्मशाळा, पाणपोई व मंदिर यांस आपण सढळ हातानें देतां. एका शेटजींच्या दानांतून व त्याच्या विश्वस्तांच्या करारी अटींतून शंभर वर्षांपूर्वीं जी संस्था उभी राहिली, तिनें डॉक्टर घडविले आणि जगानें वाचावें असें पत्रही चालविलें. इमारतीवर दात्याचें नांव कोरतां येतें. संपादकाच्या टेबलावर तें कोरतां येत नाहीं, म्हणून त्या टेबलास कोणी दाता मिळत नाहीं, ही खंत आहे. खोटें नाणें खऱ्यास बाजारांतून हांकून लावतें हा नियम आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. विद्येच्या बाजारांत तसें होऊं द्यावयाचें नसेल, तर खरें नाणें पाडणारी टांकसाळ चालू ठेवण्याचा खर्च समाजानें उचललाच पाहिजे.